जहाजाच्या दारात घेतलेलं नाव

“पति का नाम?” टेबलामागच्या सार्जंटनं विचारलं, आणि मी भिंतीकडं बोट दाखवलं.

भिंतीवर बजरंगबलीचं कॅलेंडर होतं. एका तळहातावर द्रोणागिरी, दुसऱ्या हातात गदा, पायाखाली गुलाबी ढग. सार्जंटनं मान वळवून कॅलेंडर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. आमच्या खटाव तालुक्यात कुठल्याही बाईला एवढी खूण पुरली असती. पण सार्जंट त्यागी मेरठकडचा. त्यानं कागदावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “नायक बजरंग माने की वाइफ.”

मला हायसं वाटलं. देव तोच, मग नावही तेच, एवढाच माझा हिशेब. नवऱ्याचं नाव हणमंत आहे, बजरंग नाही, आणि सरकारी कागदाला देवाधर्मातलं काही कळत नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तोंडानं नाव न घेता काम भागलं, याच आनंदात मी बाकावर येऊन बसले.

चंदीगडचा विमानतळ म्हणजे तेव्हा आमच्यासारख्यांसाठी पत्र्याची एक लांबलचक खोली होती. लष्करातली माणसं विमानाला जहाज म्हणायची. पहाटे धुकं असायचं, इतकं की समोर उभं असलेलं एवढं थोरलं जहाज दिसायचं नाही, नुसती त्याची शेपटी वर तरंगत राहायची. मग ऊन वर यायचं, धुकं फाटायचं आणि जहाजाचं पोट दिसायचं. त्या पोटात लेहसाठी कोबी जायचा, रॉकेल जायचं, टपाल जायचं, जिवंत बकऱ्या जायच्या. हे सगळं भरून, रजेवरून परतणारे जवान बसवून, वर काही जागा उरलीच, तर आमच्यासारखी कच्च्या यादीतली माणसं. डोंगरातली वाट हिवाळाभर बर्फानं बंद, त्यामुळं वर जायचं तर या जहाजानंच.

“बकरी पक्क्या यादीत असतीया, आपण कच्च्या,” शेवंताक्का म्हणाल्या. “म्हणून बकरीवर रागवायचं नाही. तिला परत यायचं नसतंय.”

शेवंताक्का म्हणजे आमच्या ह्यांच्या पलटणीतल्या सुभेदारांची बायको. बेळगावकडच्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दर हिवाळ्यात काहीतरी निमित्त काढून त्या असंच जहाज पकडून नवऱ्याकडं जायच्या. रजा संपवून निघालेल्या आमच्या गावच्या एका जवानानं मला त्यांच्या हवाली केलं होतं. अक्कांनी पहिल्यांदा माझी ट्रंक उचलून बघितली आणि तशीच खाली ठेवली.

“काय माहेर भरून आणलंस काय गं? ही ट्रंक इथंच राहणार. लुगडी अंगावर घाल.”

“सगळी?”

“सगळी की. ट्रंक जोखतात. बाईला काटा लावायला अजून कुणी धजलेलं नाही.”

त्यामुळं मी दोन लुगडी, त्यांवर सासऱ्यांची बंडी आणि त्यावर स्वेटर अशी गाठोड्यासारखी बसले होते. कनवटीला शेंगदाण्याच्या लाडवांची पुरचुंडी. वरून अक्कांच्या सूचना सुरूच. शेगडीजवळ बसायचं नाही, शेगडीजवळच्याला झोप लागते आणि झोपलेल्याचं जहाज सुटतं. दाराजवळ बसायचं, थंडी वाजू दे. चहाला म्हणून उठायचं नाही. जहाज कधी जाणार, हे चुकून विचारायचं नाही.

“का?” मी विचारलं.

“विचारणाऱ्याचं तोंड लक्षात राहतंय. जागा कमी पडली की तेच तोंड पहिलं आठवतंय. आणि हे बघ, नाव पुकारलं की आधी ‘हाय’ म्हणायचं, मग उठायचं. उठून, पदर सावरून, मग ‘हाय’ म्हणशील तर तुझ्या जागी बसलेला माणूस तुला टाटा करंल.”

मी सगळं मनात घोटत होते. कारण मला वर जायचं होतं ते याच आठवड्यात. सोमवारी ह्यांची तुकडी लेहच्याही वरच्या चौकीवर चढणार होती. एकदा चढली की पावसाळा निम्मा सरल्याशिवाय खाली येणं नाही. लग्न होऊन हळद निघायच्या आत तार आली होती आणि ते परत गेले होते. भरल्या घरात आमचं धड बोलणंही झालं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. डोळे मिटले की मिशा यायच्या, हसू यायचं, पण सगळं मिळून माणूस काही उभा राहायचा नाही. तशात पत्र आलं, सुभेदारांनी शब्द टाकून लेहला चार-आठ दिवसांसाठी एक खोली मिळवलीय, सोमवारच्या आत पोचलीस तर भेट होईल. सासरे म्हणाले, जा. मी सातारासुद्धा नीट बघितलेला नव्हता, आणि निघाले.

पत्रात शेवटी एकच ओळ वेगळी होती. “तेवढं नाव राहिलंच आहे.”

त्याची गोष्ट अशी. लग्नाच्या दिवशी उंबरठ्यावर बायकांनी मला अडवलं, नाव घे म्हणाल्या. मी पहिली ओळ म्हटली आणि हुंदकाच फुटला. शेवटी नणंदेनं माझ्या वतीनं उखाणा पुरा करून मला आत घेतलं. सगळे हसले. हे हसले नाहीत. निघताना परसात एवढंच म्हणाले, “माझं नाव तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पुढच्या खेपेला घे.” मी मान हलवली. पण उखाणा वेगळा आणि नाव वेगळं. मला आईनं लहानपणापासून बजावलेलं, नवऱ्याचं नाव उघडं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. साध्या माणसाचं ठीक आहे. माझा माणूस सरहद्दीवर, तोफेजवळ. त्याच्या आयुष्याला मी कशाला हात लावू?

गुरुवारी धुकं लवकर फाटलं. त्यागीनं यादी वाचायला घेतली. अक्कांचं नाव आलं, “हाय!” पुढं आणखी दोन-तीन नावं, आणि मग “नायक बजरंग माने की वाइफ.” मी “हाय!” म्हणून इतक्या जोरात ओरडले की एक बकरी दचकली.

जहाजापाशी शिडी लावलेली होती. अक्का वर गेल्या. शिडीच्या तोंडाशी त्यागी कागद तपासत होता. त्यानं माझा परवान्याचा कागद घेतला, आपल्या यादीशी लावून बघितला आणि कपाळाला आठी घातली.

“इसमें हणमंत लिखा है. तुमने बजरंग बताया था.”

त्यानं दोन्ही कागद माझ्यापुढं धरले.

“दोनों में से कौन है? कागज किसका है ये? पति का नाम बोलो.”

मागं जहाजाचे पंखे फिरायला लागले होते. मी कॅलेंडर शोधलं. तिथं कुठलं कॅलेंडर, उघडं रान. मी आभाळाकडं बोट केलं. त्यागीला ते काय वाटलं असेल कोण जाणे, त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. “गुजर गए?” त्यानं विचारलं. मी घाबरून दोन्ही हातांनी नाही, नाही केलं. मग तो चिडला. दुसऱ्याचा कागद घेऊन माणसं चढायची, हे त्यानं बघितलेलं असणार. “औरत को अपने मर्द का नाम नहीं मालूम?” म्हणून त्यानं मला बाजूला केलं. माझ्या जागी एक मिशीवाला कारकून चढला. अक्का वरून काहीतरी ओरडत होत्या, मग मी बघितलं तर त्या स्वतःच धापा टाकत शिडी उतरून खाली आल्या.

“तुम्ही का उतरला?” मी रडत विचारलं.

“तुला इथं टाकून जाऊन त्यांना काय सांगू? बजरंगाची बायको वाटेत सांडली म्हणू?” त्या म्हणाल्या. “हे बजरंग कुठनं काढलंस तू?”

मी सांगितलं. अक्का पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर मटकन बसल्या आणि पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि माझ्याकडं नीट बघितलं.

“मी सांगू का त्याला नाव? पण मी सांगून काय उपयोग? तो तुलाच विचारणार. बायको तू.”

“मला न्हाई जमायचं अक्का. त्यांना काय झालं म्हंजे?”

अक्कांनी वाद घातला नाही. हे खुळं आहे, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांचाही नवरा फौजेतलाच होता. थोड्या वेळानं म्हणाल्या, “उखाण्यात घे मग. उखाण्यातल्या नावाला दोष लागत नाही. लाडवात साखर असली म्हणून कोण साखर खाल्ली म्हणतंय?”

शुक्रवारी लेहला बर्फ पडत होतं. शनिवारी जहाज निम्म्या वाटेवरून परत आलं, बकऱ्या उतरवल्या, परत चारा घातला. आम्ही दाराजवळ बसून. त्या दोन दिवसांचं मला आता नीट काही आठवत नाही, सगळं धुक्यातलं वाटतं. कुणीतरी रेडिओ लावायचं, कुणीतरी बंद करायचं. जागेपणात आणि झोपेत फरक उरला नव्हता. बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि आमच्या शेतातली विहीर दिसायची, विहिरीत ढग आणि ढगावर मिशा. अक्का कोपरानं ढोसायच्या, “म्हण.” आणि मी उखाणा म्हणायची, त्यांनीच रचून दिलेला, लडाखच्या डोंगरावर बर्फाची रास असा काहीतरी. नावाच्या जागी आलं की माझा आवाज कोरड्या विहिरीतल्या बादलीसारखा रिकामाच वर यायचा.

“ह्यांच्यासाठी केला चंदीगडपर्यंत प्रवास,” मी म्हणायची.

“ह्यांच्यासाठी नव्हं. नाव.”

“उद्या घेते.”

“उद्या म्हणजे रविवार. नंतर कुणाच्या नावानं उखाणा घेणार, त्या सार्जंटच्या?”

रविवारी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. धुकं आलं नाही. यादी वाचली, “नायक बजरंग माने की वाइफ”. त्यागीनं ते नाव दुरुस्त केलंच नव्हतं. मी “हाय” म्हटलं. या खेपेला अक्का माझ्या पुढं चढल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, त्यांच्या अंगानं निम्मं दार भरलं. आता त्या खाली उतरणार नव्हत्या, मला कळलं. मीच वर जायचं होतं.

“फिर वही?” त्यागी म्हणाला. “आज बोलोगी या नहीं? एक ही सीट है.”

चारही पंखे सुरू झाले. वाऱ्यानं पदर उडायला लागला, माझ्या अंगावरच्या दोन्ही लुगड्यांत भलतंच वारं शिरलं. मी डोळे मिटले. लडाखच्या डोंगरावर, लडाखच्या डोंगरावर, पुढं काही आठवेना. बर्फ गेलं, रास गेली, प्रवास गेला. डोळे उघडले तर जहाजाच्या पोटात कोबीचा ढीग दिसला, आणि मी जीव खाऊन ओरडले,

“जहाजाच्या पोटात कोबीची रास, हणमंतरावांची मी बायको, मला एकच जागा बास!”

त्यागी बघतच राहिला. मागं उभ्या असलेल्या मराठी जवानांतल्या एकानं शिट्टी घातली. “नाम पूछा था,” त्यागी म्हणाला, “पूरी कविता नहीं.” पण त्याला पाहिजे ते ऐकू आलं होतं. त्यानं यादीवर बोट ठेवून विचारलं, “हणमंत. तो फिर बजरंग कौन?”

“एक ही है साब!” अक्का वरून ओरडल्या. “दोनो पहाड उठाते!”

त्यागीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला असावा. त्यानं माझ्या उडत्या पदराकडं बघितलं, कागद परत दिला आणि हळूच दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. “जाओ बहन,” म्हणाला. “पहले दिन बता देतीं कि नाम नहीं लेते.” ते सांगायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

आत बसायला बाक नव्हते, कडेनं पट्ट्यांची जाळी होती. अक्कांनी मला टपालाच्या पोत्याला टेकवलं. “इथं बस. कोबी गार असतोय, बकरी लाथ मारती. चिठ्ठ्या तेवढ्या ऊबदार.” जहाज हललं, धावलं आणि मग त्याचा खडखडाट एकदम जमिनीपासून सुटला. माझ्या कानात दडे बसले. सगळा आवाज लांब कुठंतरी गेला, पाण्याखाली गेल्यासारखा. गोल खिडकीतून डोंगर येत होते, एकामागून एक, पांढरे, आणि मधे निळ्या सावल्या. कुणाचंही घर नाही, झाड नाही. बकऱ्या सुद्धा गप्प झाल्या. त्या पोत्यात कुणाकुणाच्या बायकांनी कुणाकुणाला लिहिलेलं असणार, आणि सगळ्यांनी नुसतं सप्रेम नमस्कार असं लिहून नाव टाळलेलं असणार, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं. मी एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं, हणमंत. नुसतं, राव न लावता. काही झालं नाही. डोंगर होते तिथंच होते.

लेहला उतरलो तर पंखे थांबलेच नाहीत. थंडीत यंत्र बंद केलं की परत लागत नाही, म्हणून ते जहाज सुरू ठेवूनच रिकामं करायचे. मागचं दार खाली पडलं आणि उजेड असा आत आला की मला काही दिसेना. हवा छातीत पुरेना. अक्कांचे सुभेदार धावत आले, पण त्यांनी अक्कांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघून म्हणाले, “मानेची मंडळी? पोरी, उशीर झाला. उद्या हवा बिघडणार म्हणून तुकडी आजच सोडतायत. ती बघ, गाड्यांत बसतायत.”

मैदानाच्या कडेला गाड्या उभ्या होत्या आणि गाड्यांपुढं माणसांची रांग. सगळ्यांच्या अंगात तेच पांढरे जाड कोट, डोक्यावर त्याच टोप्या, तोंडावर लोकरी मफलर, डोळ्यांवर काळे चष्मे. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. आणि दिसलं असतं तरी मला कुठं आठवत होतं? इतक्या लांब आले, लाडू आणले, आणि माझा माणूस कुठला हेच मला कळत नव्हतं. मला तेव्हा जे रडू आलं, तसं लग्नात सुद्धा आलं नव्हतं.

“कुठला?” मी सुभेदारांना विचारलं.

“आता मलाही वळखू येत नाही गं इथनं. हाक मार.”

हाक मार. तिथं उखाणा कुठून आणू? कोबी मागं राहिला होता. पहिल्या गाडीनं धूर सोडला, मी पळायला लागले. त्या हवेत चार पावलंही पळवत नाहीत. मी थांबले आणि ओरडले.

“हणमंत!”

रांगेतली तीन माणसं वळली. आमच्याकडच्या पलटणीत मारुतीच्या नावाला काय तोटा! तिघांनीही माझ्याकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि तिघंही परत फिरले. चौथा मात्र वळलाच नव्हता. पाठमोराच उभा होता, खांदे जरा वर घेऊन, कुणी थंड पाणी टाकल्यासारखा. मग तो हळूच वळला आणि माझ्याकडं चालत आला. चष्मा वर केला. हो, हेच ते डोळे. मला सगळा चेहरा एकदम आठवला, जणू कधी विसरलाच नव्हता.

“काय म्हणालीस?” त्यांनी विचारलं. हातानं जहाजाकडं दाखवलं. “ऐकू आलं नाही. परत म्हण.”

“हणमंत,” मी म्हटलं.

“काय?”

“हणमंत माने!” मी त्यांच्या कानाशी ओरडले.

“आता आलं,” ते म्हणाले. मी लाडवांची पुरचुंडी त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबली. त्यांनी हातमोजा काढून माझ्या गालाला हात लावला, तो हात माझ्या गालापेक्षा गार होता. शिट्टी झाली. “येतो,” म्हणाले, आणि गाडीत चढले. सुभेदारांनी मिळवलेल्या त्या खोलीत मग मी आणि अक्का राहिलो, आणि पुढच्या जहाजानं मी खाली आले. खाली येताना बकऱ्या नसतात, जागा सहज मिळते.

तो सगळा उन्हाळा मी जीव मुठीत धरून काढला. तीनदा घेतलं होतं मी नाव, तेही उघडं, आणि त्यात एकदा आडनावासकट. दर शनिवारी पारावरच्या मारुतीला तेल घालायची आणि सांगायची, त्याचं काही कमी करू नको, माझ्यातलं घे. पोस्टमन लांबून दिसला तरी हातातलं काम सुटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सासूबाई म्हणायच्या, पोरगी वरून आल्यापासून खुळ्यागत करते. श्रावणात ते आले, नाकाचा शेंडा बर्फानं काळा पडलेला, बाकी धडधाकट. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत जाऊन पोटभर रडले.

आता ते पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेत. माझा निम्मा दिवस त्यांच्या नावानं ओरडण्यात जातो. तोफांनी कान नेले, म्हणतात. गेल्या वर्षी मुलानं कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तरी हाक दोनदा मारल्याशिवाय ओ देत नाहीत. गल्लीतली पोरं सुद्धा मला ‘हणमंत आजी’ म्हणतात. आईचं म्हणणं खरं असतं, तर हा माणूस केव्हाच संपला असता.

मध्यंतरी बेळगावहून अक्का गेल्याचा फोन आला. आम्ही दोघं अंगणात खाटेवर बसून राहिलो. मला सगळं आठवत होतं, मी बोलत होते, ट्रंक, बकऱ्या, त्यागी, कोबी. ते ऐकत होते. मी म्हटलं, “अक्का नसत्या तर मी त्या दिवशी तिथं पोचलेच नसते. आणि पोचून तरी काय, त्या जहाजाच्या आवाजात तुम्हाला ऐकूही आलं नाही.”

“आलं होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“पहिल्यांदाच आलं होतं. चांगलं खणखणीत.”

“मग वळला का नाहीत?”

त्यांनी कानातलं यंत्र बोटानं नीट बसवलं. मग म्हणाले, “वळलो असतो तर एकदाच मिळालं असतं. वर किती महिने काढायचे होते. तीनदा घेऊन गेलो.”

मी उठून चुलीकडं गेले.

आज सकाळी मीच बॅटरी बदलून यंत्र त्यांच्या कानात घातलं. ते परसात शेवग्याखाली बसलेत, पाठमोरे. भाकरी टोपल्यात पडली, मी दारातून हाक मारली.

“हणमंत!”

खांदे जरासे वर गेले, मी नीट बघितलं. पण माणूस वळला नाही.

“काय म्हणालीस?” तिकडूनच विचारतात. “ऐकू आलं नाही. परत म्हण.”

मी परत म्हणते.